पिवळी भिंतीची, हिरवी दाराची

गाडीच्या मागे ट्रेलर ओढायचा हूक बसवायचा आणि ट्रेलरच्या दिव्यांसाठी वायरिंग करून द्यायची, एवढ्या एका कामावर काकूंचा आणि मिस्त्रींचा संसार उभा राहिला होता. बाकीची किरकोळ कामं यायची. पंक्चर, बॅटरी, मुका झालेला हॉर्न. पण लोक लांबून यायचे ते हूकसाठी. लोखंडाचं काम मिस्त्रींचं, तारांचं काकूंचं. बायकोला गॅरेजात कामाला घेतलं म्हणून सुरुवातीला लोक गालातल्या गालात हसले. मग काकूंनी लावलेली तार चिखलापाण्यातही वर्षानुवर्षं टिकते हे लक्षात आलं, तेव्हा तीच माणसं "काकू आहेत ना आज?" असं विचारून मगच गाडी आत घालू लागली. लोकांचं हे असंच. त्यांच्या हसण्यावर जाऊ नये आणि कौतुकावरही.

गॅरेज म्हणजे एक लांबट खोली. गाडी पुढच्या रस्त्यावरून नाक पुढे करून आत यायची. तेव्हा तिच्या डाव्या अंगाला लांबलचक भिंत, पाने-पकडी आणि तारांची वेटोळी टांगलेली. उजव्या अंगाला स्वयंपाकघराचं दार. हात पुसत आत गेलं की घर आणि हात पुसत बाहेर आलं की धंदा.

लग्नानंतरचं त्यांचं सगळ्यात मोठं भांडण डाव्या-उजव्यावरून झालं होतं. मिस्त्री गाडीखाली उताणे, डोकं इंजिनाकडे. काकू मागे उभ्या. ते म्हणत "डावा", आणि त्यांचा तो डावा नेमका काकूंच्या उजव्या हाताला. "अगं, डावा म्हणतोय मी!" "अहो, पण कुणाचा?" एकदा तर गिऱ्हाइकासमोरच जुंपली आणि मग घरात अबोला. शेवटी मिस्त्रींनी तोडगा काढला. म्हणाले, "आजपासून डावा-उजवा बंद. भिंत आणि दार. माणूस उताणा पडो की पालथा, भिंत काही जागची हलत नाही."

ट्रेलरच्या प्लगात पिवळी तार डाव्या दिव्याची आणि हिरवी उजव्याची, हे सगळीकडे ठरून गेलेलं. या गॅरेजात मात्र पिवळी भिंतीची आणि हिरवी दाराची. त्यांच्या मुलानं डावा-उजवा शिकण्याआधी भिंत-दारच शिकून घेतलं. शाळेत बाई म्हणाल्या, डावा हात वर करा, तर हा पठ्ठ्या वर्गात भिंत कुठली ते शोधत बसला. ही गोष्ट मिस्त्री प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, आणि मुलगा मोठा होऊन ऑफिसात लागला तरी सांगायची थांबले नाहीत.

काम संपलं की तपासणी. काकू स्टिअरिंगवर बसायच्या, मिस्त्री मागे. मिस्त्रींनी एक फळी करून घेतली होती. तिच्या एका टोकाला पिवळा बल्ब, दुसऱ्या टोकाला हिरवा, मध्ये ब्रेकचा तांबडा. फळी हूकजवळच्या सॉकेटला जोडायची, पिवळं टोक भिंतीकडे करून जमिनीवर ठेवायची, की ट्रेलर न लावताच सगळं कळायचं.

"भिंत!" काकू आतून ओरडायच्या.

"आहे!"

"दार!"

"आहे!"

"ब्रेक!"

"आहे, आहे! सोड आता पाय, बॅटरी खाशील!"

हा शेवटचा टोमणा ठरलेला. तो ऐकल्याशिवाय काकूंना काम संपल्यासारखं वाटायचं नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी मिस्त्री दात घासता घासता खाली बसले, ते आपले आपण पुन्हा उठलेच नाहीत. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. म्हणजे अगदीच गेली असंही नाही, एक शब्द मागे राहिला. "बरं." तहान लागली तरी बरं, पाठ दुखली तरी बरं, संतापले तरी बरं. तोंड उघडलं की तोच बाहेर पडायचा, त्यांना म्हणायचा असो की नसो. डॉक्टरांनी पहिल्या दिवसांत हो-नाही विचारून पाहिलं, तर मान भलतीकडेच हलायची. हात वर करा म्हटलं तर जीभ बाहेर यायची. "समज कितपत उरली आहे ते सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले, "फार आशा धरू नका." त्यांनी सांगितलं ते तेवढ्यापुरतं खरं असेलही. पण पुढे कुणी पुन्हा विचारून पाहिलं नाही. आधी माणसांनी मिस्त्रींना विचारणं सोडलं, मग त्यांच्याशी बोलणं सोडलं, आणि मग त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल बोलायला लागली. यात काकूही आल्या.

मात्र सेवेत कसूर नव्हती. सकाळी उठवायचं, धुवायचं, कपडे बदलायचे, चमच्यानं भरवायचं, चाकाच्या खुर्चीत बसवून स्वयंपाकघराच्या दारात आणायचं, म्हणजे त्यांची नजर गॅरेजावर राहील. मग काकू कामाला. लोखंडाचं कामही आता त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. दिवस मावळेपर्यंत पाठीचा पार भुगा व्हायचा. एकदा बाथरूममध्ये मिस्त्रींना उचलताना पाय घसरला, मिस्त्री अंगावर आले आणि काकूंचा खांदा निखळला. दोघं तशीच ओल्या फरशीवर पडून राहिली, शेजारीण हाक ऐकून येईपर्यंत. मिस्त्री सारखं "बरं, बरं" म्हणत होते, आणि काकूंच्या मनात आलं, आता या माणसाला एक मुस्काटात द्यावी. नंतर त्या विचाराची त्यांना इतकी लाज वाटली की तो त्यांनी कुणालाच सांगितला नाही.

मुलगा दुसऱ्या शहरात राहायचा. खांद्याचं कळल्यावर धावत आला. वाईट मुलगा नव्हे तो. आईची ओढाताण त्याला बघवेना. त्यानं आपल्या शहरात एक शुश्रूषागृह पाहून ठेवलं. स्वच्छ खोली, उचलायला तगडी माणसं, स्वतःचा पलंग आणि कपाट न्यायची मुभा. काकू बरेच दिवस नको म्हणत राहिल्या आणि मग एक दिवस हो म्हणाल्या.

"एकच सांगते तुला," त्या म्हणाल्या होत्या. "ह्यांना थोडं जरी कळत असतं ना, तर मरेपर्यंत इथंच केलं असतं. पण कळतच नाही काही. माझ्याजवळ असले काय आणि तिथं असले काय."

मुलानं खुर्चीजवळ वाकून विचारलंही होतं, "बाबा, तिथं राहाल ना? मी रोज येईन."

"बरं," मिस्त्री म्हणाले होते.

"बघ, तयार आहेत ते," मुलगा म्हणाला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. काकूंना ठाऊक होतं की त्या बरंला काही अर्थ नाही. पण त्या दिवशी त्यांनाही तो अर्थ हवा होता.

ठरल्या दिवसाच्या आदल्या सकाळी मुलगा आपली गाडी घेऊन आला, मागच्या गल्लीत मित्राचा ट्रेलर आणून ठेवलेला. दुसऱ्या दिवशी शुश्रूषागृहाची व्हॅन येऊन मिस्त्रींना आणि काकूंना नेणार होती, आणि मुलगा पलंग-कपाट घेऊन ट्रेलरसकट पुढे जाणार होता. गाडीला हूक नव्हता. दुसरीकडे बसवला असता तर काकूंना आयुष्यभर तोंड दाखवायला जागा राहिली नसती, म्हणून काम घरीच. स्वतःच्या नवऱ्याला घराबाहेर काढायची सोय स्वतःच्या हातानं करायची, असा तो प्रकार होता. काकूंनी त्याचा विचार करायचा नाही असं ठरवलं आणि पाने काढले.

पुढचा रस्ता नळाच्या पाइपांसाठी खणून ठेवला होता, त्यामुळे गाड्या हल्ली मागच्या गल्लीकडच्या शटरमधून आत येत. मुलानंही गाडी मागूनच घातली. खणल्यापासून हूकचं एकही काम आलं नव्हतं, हे पहिलंच. कपाट सकाळीच कामाला बोलावलेल्या चौघांनी उचलून गल्लीतल्या ट्रेलरवर चढवलं होतं. नेहमीप्रमाणे मिस्त्री दारातल्या खुर्चीत, मांडीवर चादर.

आधी गाडी स्टँडवर घेतली. काकू खाली सरपटत गेल्या. चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, मागच्या बाजूला कारखान्यातूनच भोकं असतात, त्यांतली माती त्यांनी तारेच्या ब्रशनं काढली. हूकचा बार म्हणजे चांगलाच वजनदार ऐवज. मिस्त्री तो छातीवर पेलून एकटे वर चढवायचे; काकूंनी खाली जॅक लावला, मुलाला दुसरं टोक धरायला लावलं आणि इंचाइंचानं वर घेतला. बोल्ट आधी सगळे हातानं फिरवून घ्यायचे, एकही लगेच आवळायचा नाही, नाहीतर शेवटचा भोकात बसत नाही. मग आळीपाळीनं आवळायचे.

"ताण येतोय का तुझ्या खांद्याला?" मुलानं विचारलं.

"खांदा माझा आहे, मला कळतंय. तू टोक धर."

मुलगा हसला. काकूंना हसू आलं नाही. बार बसला, त्यावर लोखंडी गोळा बसला. काकूंनी तो हातानं हलवून पाहिला. तसूभर हलला नाही.

मग वायरिंग. मागचे दोन्ही दिवे सोडवले, त्यांच्या तारा ओढून घेतल्या. हे काम काकू डोळे मिटून करत आल्या होत्या. मन भलतीकडे असलं तरी हात आपला चालायचा, आणि त्या दिवशी मन भलतीकडेच होतं. मिस्त्रींचे कुठले कपडे द्यायचे, दाढीचं सामान द्यायचं का, तिथली माणसं त्यांना कुशीवर वळवतील की नाही. भिंतीकडच्या दिव्याची तार सोलली, तिला पिवळी जोडली. दाराकडच्या दिव्याची सोलली, तिला हिरवी. सोल्डर केलं, टेप गुंडाळली. पांढरी तार अर्थिंगची. तिच्यासाठी चासीवरचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं आणि स्क्रू घट्ट बसवला. पत्र्याच्या कडेला तार सोलवटू नये म्हणून भोकात रबर घातलं. सॉकेट बसवलं. काम देखणं झालं होतं.

"बस आत," काकू मुलाला म्हणाल्या. फळी जोडली, पिवळं टोक भिंतीकडे करून जमिनीवर ठेवली. "भिंत दे."

मुलानं मान वळवून भिंत कुठल्या अंगाला आहे ते पाहिलं आणि त्या बाजूचा इंडिकेटर दिला. घरचं पोर, त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. भिंतीकडचा दिवा लुकलुकला, फळीवरचा पिवळा लुकलुकला.

"आहे. दार दे."

दाराकडचा लुकलुकला, हिरवा लुकलुकला.

"आहे. ब्रेक."

तेवढ्यात दारातून आवाज आला. "बरं! बरं बरं बरं!" मिस्त्री डाव्या हातानं खुर्चीचा दांडा बडवत होते.

"थांबा हो, आले," काकू म्हणाल्या. "आत्ताच तर जाऊन आलात." तरी त्यांनी जाऊन पाहिलं. चादर कोरडी होती. पाणी पुढे केलं तर मिस्त्रींनी भांडं उडवून लावलं. पाणी काकूंच्या अंगावर सांडलं.

"हे असंच चाललंय बघ," काकू मुलाला म्हणाल्या. आवाज चढला होता. "दिवसभर हेच."

"जाऊ दे आई. उद्यापासून नाही ना."

काकू पाठमोऱ्या झाल्या तोच खुर्चीची चाकं वाजली. मिस्त्री डाव्या पायानं जमीन रेटत दारापुढच्या छोट्या उतारावरून खाली आले, ते थेट गाडीच्या मागे. वाकले आणि फळीचं टोक धरून ओढलं. प्लग निसटला, बल्ब विझले.

"अहो बाबा!" मुलगा दार उघडून धावला. त्यानं वडिलांचा हात फळीवरून सोडवला, जरा जोरातच. काकूंनी मुकाट्यानं फळी पुन्हा जोडली, पिवळं टोक भिंतीकडे. डोळ्यांत पाणी आलं होतं ते रागाचं. मुलाला म्हणाल्या, "भिंतीचा चालू ठेव आणि ह्यांना आत घेऊन जा."

मुलानं इंडिकेटर लावला आणि खुर्चीचे दांडे धरले. मिस्त्रींनी डावा पाय जमिनीत रोवला. खुर्ची हलेना. ते पुन्हा वाकले, इतके की आता कोसळतील असं वाटलं. या वेळी फळी त्यांनी ओढली नाही. एका हातानं उचलून मांडीवर घेतली, वायर ताणली जात नाही ना ते पाहिलं, हळूच फिरवली आणि खाली ठेवली. पिवळं टोक दाराकडे, हिरवं भिंतीकडे. ठेवून झाल्यावर कडेनं सरळ केली.

काकू बघत राहिल्या. वेडगळ माणूस वस्तू उलटीसुलटी करतो हे खरं, पण वायर सांभाळत नाही आणि फळी सरळ करत नाही.

गाडीचा दिवा भिंतीकडे लुकलुकत होता आणि फळीवरचा पिवळा दाराकडे. "आता चूक झालं ना हे," असं म्हणायला काकूंनी तोंड उघडलं. मिस्त्रींनी हात उचलला आणि बोट गाडीच्या नाकाकडे केलं.

गाडी मागून आत आली होती. तिचं नाक खणलेल्या रस्त्याकडे होतं. भिंत तिच्या उजव्या अंगाला होती.

भिंत जागची हलली नव्हती. गाडी उलटी उभी होती. पिवळी तार, जगातल्या कुठल्याही ट्रेलरच्या डाव्या दिव्याची, काकूंनी गाडीच्या उजव्या दिव्याला जोडली होती. आणि तपासताना फळीही भिंत बघूनच ठेवली, मुलानं इंडिकेटरही भिंत बघूनच दिला, म्हणून सगळं सगळ्याशी जुळलं होतं. दुसऱ्या कुठल्याही गॅरेजात ही चूक झाली नसती. तिथं डावा म्हणजे डावा असतो. उद्या मुलगा भरल्या ट्रेलरसह मोठ्या रस्त्यावर डावीकडे वळायला गेला असता, तर ट्रेलरनं मागच्या गाड्यांना उजवीकडचं सांगितलं असतं. मागून येणारा ट्रक डावीकडून पुढे काढायला बघतो, आणि मग पुढचं काही बघायला उरत नाही.

काकू ओल्या साडीनिशी गाडीमागे जमिनीवर बसल्या आणि त्यांनी फळीचा प्लग उपटला.

"आई? काय झालं?"

"उलटं जोडलंय मी. उलटं. ह्यांनी दाखवलं."

मुलानं आधी ट्रेलर लावूनच पाहिला. गाडी स्टँडवरून उतरवून मागच्या गल्लीत ढकलत नेली, ट्रेलर जोडला, डावा इंडिकेटर दिला आणि उतरून मागे आला. ट्रेलरचा उजवा दिवा लुकलुकत होता. त्यानं ट्रेलर सोडवला आणि गाडी पुन्हा आत घेतली.

काकूंनी दोन्ही जोड कापले, तारा अदलाबदल केल्या, पुन्हा सोल्डर, पुन्हा टेप. मिस्त्री खुर्ची अगदी जवळ आणून बघत होते. टेप संपत आली तेव्हा त्यांनी डावा हात पुढे केला आणि तारेचं टोक धरून ठेवलं, पूर्वी धरायचे तसं. काकूंनी त्या हाताकडे पाहिलं आणि तेव्हा कुठे त्यांना सगळं एकदम कळलं.

यांना कळत होतं. आज नव्हे, रोज. वर्षभर.

म्हणजे शेजारणीपाशी आपण म्हणालो, "आता काय, खांब आणि हे सारखेच," ते यांनी ऐकलं. कोणते कपडे द्यायचे आणि कोणते जुने म्हणून टाकायचे, ते यांच्यासमोर बसून ठरवलं, तेही ऐकलं. आणि एका संध्याकाळी, खांदा ठणकत होता तेव्हा, यांना भरवता भरवता आपण म्हणालो, "सुटला असतात त्याच दिवशी तर दोघांचंही भलं झालं असतं." ते म्हणताना आपण यांच्या तोंडाकडे बघत होतो. यांनी तोंड उघडून पुढचा घास घेतला होता.

काकूंना रडू कोसळलं. रडणं त्यांना कधी शोभून दिसायचं नाही, नाक लाल व्हायचं, आवाज फाटायचा. त्यांनी ग्रीसनं माखलेले हात तसेच मिस्त्रींच्या गुडघ्यांवर ठेवले. "अहो, मला काय ठाऊक," त्या म्हणत राहिल्या. "मला काय ठाऊक हो. मी काय काय बोलले तुमच्यापुढं." मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग मान फिरवून भिंतीकडे पाहत बसले. राग होता की नाही हे काकूंना कळलं नाही. असला तर तो त्यांचा हक्कच होता.

मुलगा खुर्चीपुढं उकिडवा बसला. वर्षभरात तो वडिलांच्या नजरेच्या उंचीवर आला तो हा पहिल्यांदा.

"बाबा," तो म्हणाला, "मागं मी विचारलं तेव्हा नीट विचारलंच नाही. आता विचारतो. तिथं जायचंय तुम्हाला? आईला त्रास होतो, ते खरं आहे. तिथं माणसं चांगली आहेत, तेही खरं आहे. पण तुम्हाला जायचं नसेल तर मी नेणार नाही."

मिस्त्रींच्या ओठांची हालचाल झाली. "ब—" एवढं बाहेर आलं, आणि त्यांनी डाव्या हातानं आपलं तोंड घट्ट दाबून धरलं. शब्द आत धडका देत होता. गाल फुगले, डोळ्यांत पाणी तरारलं, पण हात निघाला नाही. बोटांच्या फटींतून नुसता श्वास येत होता.

मुलानं तो हात हळूहळू सोडवला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. "कळलं," तो म्हणाला. "कळलं मला, बाबा."

त्या दिवशी कपाट पुन्हा खाली उतरलं. चढवायला आलेली माणसं पुटपुटली, आधीच ठरवता येत नाही का तुम्हाला, आणि त्यांचंही चूक नव्हतं. शुश्रूषागृहाला फोन गेला. पुढं कसं करायचं याचा काही पत्ता नव्हता. मुलगा म्हणाला, सकाळच्या उचलाउचलीला एक माणूस ठेवू, मी बघतो. काकूंना जमेल की नाही, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. खांदा काही एका दिवसात बरा झाला नव्हता. त्या मुलाला गॅरेजाच्या कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात काही सांगायला निघाल्या, आणि मध्येच थांबल्या.

"इथं नको," त्या म्हणाल्या. "चल, ह्यांच्यापुढंच बोलू."

आणि बोलल्या. जे अवघड होतं तेही बोलल्या. बाथरूममध्ये मनात आलेला तो मुस्काटात द्यायचा विचारसुद्धा सांगून टाकला. मिस्त्री ऐकत होते. त्या विचारापाशी त्यांनी "बरं" म्हटलं. तोंडाचा एक कोपरा वाकडा झाला. तो पक्षाघातामुळे वाकडा झाला की ते हसले, यावर मायलेकांचं एकमत झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा निघाला. ट्रेलर मित्राला परत करायचा होता, तो रिकामाच मागे जोडला. काकूंनी गोळ्यावरची कडी दोनदा ओढून पाहिली, साखळी अडकवली, प्लग सॉकेटात दाबला. मिस्त्रींची खुर्ची गल्लीच्या तोंडाशी आणली होती. मुलानं डावा दिला, उजवा दिला, ब्रेक दाबला. मिस्त्रींनी प्रत्येक दिव्याला हात वर केला. मग मुलगा त्यांच्या पाया पडला आणि गाडीपाशी येऊन घुटमळला.

"आई," तो खालच्या आवाजात म्हणाला, मग आईची कालची अट आठवून जरा मोठ्यानं म्हणाला, "आई, ट्रेलर कशासाठी आणलाय ते बाबांना ठाऊक होतं ना?"

"होतं."

"मग दाखवायचं कशाला? राहू द्यायचं तसंच. मीच तर नेत होतो त्यांना."

काकूंनी मिस्त्रींकडे पाहिलं. ते ट्रेलरच्या दिव्यांकडे बघत होते.

"अरे, गाडी तू चालवणार होतास," काकू म्हणाल्या.